‘हे’ म्हंजी कोण?

बारामतीहून पिंपळीला येणाऱ्या बैलगाडीत रावजी आणि रंगूबाई या नवराबायकोचं भांडण जुंपलं, तेव्हा त्यांची थोरली लेक बना गाडीतल्या पेंढ्यावर आडवी पडून आभाळातल्या घारी बघत होती. वय पाच. मान नीट धरत नव्हती, हातपाय स्वतःच्या मर्जीनं वळायचे, तोंडातून शब्दापेक्षा लाळ जास्त यायची. हिला काय कळतंय, असं सगळ्या गावाचं म्हणणं होतं, त्यामुळं माणसं तिच्यासमोर पोटातलं सगळं बोलून मोकळी व्हायची. बनाला सगळं कळायचं. ते भांडण तर तिला जन्मभर शब्दाला शब्द पाठ राहिलं.

झालं होतं असं, की बारामतीच्या दवाखान्यात शहरातून आलेल्या एका डॉक्टरनं बनाला उताणी केली, पालथी केली, गुडघ्यावर लाकडी हातोडी मारून बघितली, आणि हात धुता धुता म्हणाला, “हे वाढायचं नाही. पण हे जायचंही नाही.” लगेच पुढच्या माणसाला आत बोलावलं.

गाडी नाक्याबाहेर पडली आणि रावजीनं तोंड उघडलं. “ऐकलंस न्हवं? हे लेकरू वाढायचं न्हाय म्हणला.”

“लेकरू कुठं म्हणला त्यो? दुखणं म्हणला. हे दुखणं वाढायचं न्हाय.”

“दुखणं ह्यो शबुद काढला का त्यानं तोंडातनं?”

“आन् लेकरू ह्यो काढला व्हय?”

“हात कुणाकडं केला हुता?”

“हात पुसत हुता की हो त्यो!”

रावजी थोडा वेळ बैलांवर ओरडला. मग पुन्हा मागं वळला. “मंग जायचं न्हाय म्हणला, ते काय? दुखणं जायचं न्हाय, असंच न्हवं? त्यात तुला एवढं बरं वाटाय काय झालं?”

“तुमच्या म्हणण्यानं लेकरू जायचं न्हाय. मंग तुमी कशापायी डोळं पुसताय?”

याचं उत्तर रावजीला गाडी कॅनॉलच्या पुलापर्यंत गेली, तेव्हा सुचलं. “जायचं न्हाय म्हंजी सासरी जायचं न्हाय. वाढलंच न्हाय तर सासरी कसं जाईल?”

“मंग वळवा गाडी माघारी. इचारून येऊ, हे म्हंजी कोण ते.”

“बैलं दमल्यात,” रावजी म्हणाला.

बैलं सकाळपासून दवाखान्याच्या लिंबाखाली बसून वैरण खात होती. पण तो प्रश्न घेऊन माघारी जायची छाती कुणाचीच झाली नाही, आणि त्या ‘हे’चा निकाल पुढं चाळीस वर्षं लागला नाही.

गावात रावजीच्या बाजूनं साक्ष द्यायला धोंडाबाई होती. धोंडाबाई म्हणजे गावची सुईण. बना हिच्याच हातावर जन्मली, निळी पडलेली, आणि अर्धी घटका रडलीच नाही. धोंडाबाईनं पाठीत चापट्या मारून, पाय धरून उलटी धरून तिला रडवली, आणि त्याच दिवशी सांगून टाकलं, “ही काय टिकत न्हाय.” मग दर वर्षी नवी मुदत. ह्यो आखाड काढायची न्हाय. आखाड गेला की ही थंडी काढायची न्हाय. थंडी गेली की उन्हाळा होताच. बना एकेक ऋतू काढत गेली आणि धोंडाबाईला त्याचा मनापासून राग येत गेला. एवढ्या बाळंतपणांत तिचं बोलणं दुसऱ्या कुणी असं खोटं पाडलं नव्हतं.

रावजीनं आपलं म्हणणं शिंप्यापर्यंत नेलं. गावातल्या बाकीच्या पोरींचे परकर वाढत्या अंगाचे शिवायचे, दोन-दोन दुमडी घालून, म्हणजे तीन वर्षं बघायला नको. बनाचा परकर रावजी मापाला माप शिवून आणायचा. वाढायचीच नाही, तर दुमड कशाला? आणि बना वाढायची. पुढच्या दिवाळीला परकर पोटरीवर यायचा, पुन्हा नवा. पिंपळीत दर वर्षी नवा परकर घालणारी पोरगी एकच होती, जी वाढणार नव्हती ती. बाकीच्या पोरी दुमडी उसवून उसवून विटक्या परकरात हिच्याकडं बघत बसायच्या.

रंगूबाई आपल्या बाजूनं चालली. दुखणं वाढायचं नाही ना, मग पोर वाढवायची. घरच्या म्हाताऱ्या गाईच्या पाठीवर बनाचे दोन्ही हात टाकून तिनं तिला चालायला शिकवलं. गाय सावकाश होती आणि बना त्याहून सावकाश, त्यामुळं दोघींचं जमलं. नवव्या वर्षी बना एकटी चालली. गुडघ्याला गुडघा घासत, एक टाच वर, पण चालली. बोलणंही आलं, फक्त शब्द तोंडातून निघायच्या आधी गळ्यात दोनतीन घिरट्या घालायचे. आईला ते समजायचं. बाकीचे मान डोलवायचे आणि भलतंच काहीतरी करायचे.

मग रंगूबाईनं तिला काम लावलं. गल्लीत ताक पोचवायचं. बनाची मूठ एकदा वळली की सुटायची नाही आणि सुटली की वळायची नाही, म्हणून कडीचा पितळी डबा कोपरात अडकवून द्यायची. निम्मं ताक वाटेला. गावातली चार कुत्री तिच्यामागं ओळीनं चालायची आणि बना कुठल्या घरी गेली ते ओल्या वाटेवरून कळायचं. रावजी म्हणाला, “कुत्र्यांनाच घाल की सरळ. पोरीला कशाला हेलपाटा?” रंगूबाईनं दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी डब्यातच दूध विरजलं. घट्ट कवडीचं दही. डबा हलला, डुलला, कलला, दही जागचं हललं नाही. त्या दिवसापासून बनाकडं दह्याचं काम लागलं. ज्या घरी विरजण नासलं, ज्या घरी कुणाचं पोट बिघडलं, त्या घरी बना दही घेऊन जाणार. शेवटचं घर धोंडाबाईचं.

“अजून हायेस व्हय गं, बने?” धोंडाबाई विचारायची.

“तू बी हायेस की,” बना म्हणायची. धोंडाबाईला ते समजायचं नाही, पण सूर समजायचा.

रावजी बनाच्या विशीत तापानं गेला. आपलं म्हणणं खरं ठरलेलं बघायला तो थांबला नाही. जाताना त्यानं पाणी मागितलं तेव्हा जवळ बनाच होती. तिनं तांब्या दोन्ही मनगटांत धरून पाजलं. निम्मं तोंडात, निम्मं छातीवर. “वाढली की गं पोरगी,” असं तो म्हणाला, असं बना सांगायची. पण ते कुणालाच नीट समजायचं नाही.

धाकटे दोन भाऊ हाताशी आले. जोतीराम पिंपळीत राहून ऊस बघू लागला. त्याची बायको शकुबाई वडगाव निंबाळकरची, तोंडानं कडक. ती सकाळी उठल्यापासून करकर करायची, आणि त्या करकरीत कामं उरकायची. बनाचं बोलणं तिला महिन्याभरात समजायला लागलं, कारण उलटून बोललेलं समजल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. दुसरा भाऊ कुंडलिक. तो कळंबला साखर कारखान्याच्या मळ्यावर मुकादम झाला. त्याची बायको तानूबाई फार मायाळू.

पहिली निवडणूक झाली त्या साली रंगूबाई थकली. आयुष्यभर दुखणं वाढायचं नाही म्हणून भांडलेली ही बाई म्हातारपणी देवापुढं बसून हळूच म्हणायला लागली, “माझ्याआधी हिला ने रं बाबा. माझ्या माघारी कोण बघंल?” बना जात्याशेजारी बसून ऐकायची. ती मागं बसून ऐकते, हे आईला ठाऊक नव्हतं. देवानं आईचं ऐकलं नाही, आणि रंगूबाई संक्रांतीच्या आधी गेली.

तेराव्याला पाहुणे गेल्यावर दोघं भाऊ ओसरीवर बसले. बना आत, चुलीच्या डाव्या अंगाला, जात्याच्या शेजारी. ही तिची जागा. पाठीला भिंत, हाताशी जात्याचा खुंटा, त्याला धरून तिला एकटीला उठता यायचं. बनाला त्या दिवशी सगळ्या जगातलं एवढंच पाहिजे होतं, की ही जागा सुटू नये.

“घरात सहा माणसं, दोन जनावरं, आन् हात दोनच,” शकुबाई बाहेर येऊन म्हणाली. “मला एकटीला आता व्हत न्हाय. कुणी काय म्हणायचं ते म्हणा.”

“कॅनॉलच्या पाण्यासारखी पाळी लावू,” जोतीराम म्हणाला. “सहा म्हैने कळंब, सहा म्हैने पिंपळी.”

“माझ्याकडं आधी,” कुंडलिक म्हणाला. “तानू तिला काडी उचलू देणार न्हाय.”

आतून बना ओरडली, “मी काय पाटाचं पानी हाय व्हय?”

“तिला पानी पायजे वाटतं,” जोतीराम म्हणाला, आणि तांब्या भरून घेऊन आला.

शकुबाईला समजलं होतं. पण त्या दिवशी ती गप्प बसली. तिलाही थोडे दिवस मोकळीक पाहिजे होती.

कळंबला तानूबाईनं खरंच काडी उचलू दिली नाही. बाज टाकली, वर गोधडी, उशाला पाणी. “आक्का, तुमी फकस्त पडून ऱ्हावा. लई सोसलंय तुमी.” भाकरी दुधात कुस्करून स्वतः भरवायची, अंघोळ घालायची, शेजारणी बघायला आल्या की डोळ्याला पदर लावायची. शेजारणी म्हणायच्या, नणंदेचं असं करणारी बाई बघितली नाही. बनानंही बघितली नव्हती. महिन्यानं तिची टाच जमिनीला लागेना. दोन महिन्यांनी गुडघे जे वाकले ते वाकलेच. तिसऱ्या महिन्यात पडल्या पडल्या गिळताना घास अडकायला लागला. चाळीस वर्षांत जे दुखण्यानं केलं नाही, ते मायेनं शंभर दिवसांत करून दाखवलं.

शेवटी एका सकाळी बनानं सगळा जोर एकवटून एकच शब्द काढला. “पिंपळी.”

“काय म्हणताय, आक्का?”

“पिंपळी! पिंपळी!”

तानूबाईचा चेहरा उजळला. “अवो, ऐकलंत का? आक्कांचं बोलणं मला समजाय लागलं! छातीत कफ झालाय म्हणून पिंपळी मागत्यात.” वैदूकडून पिंपळी आणली, पूड केली, मधात कालवली आणि बनाला चाटवली. पिंपळी तिखट. बनाला ठसका लागला. ठसका लागला म्हणजे कफ फार, म्हणून दुसऱ्या दिवशी चिमूट वाढली. बना गावाचं नाव घेत राहिली आणि औषध चाटत राहिली. आठ दिवस.

नवव्या दिवशी शकुबाई गाडी जोडून कळंबला आली. कशाला आली ते तिनं उंबऱ्यातच सांगितलं.

“ती धोंडाबाई म्हातारी माझ्या हातचं दही खाईना. आंबट म्हणती, पातळ म्हणती. बनी कुठं मेली का, म्हणून रोज दारात. माझं डोकं खाल्लंया तिनं.” मग बाजेकडं गेली आणि बनाच्या वाकलेल्या गुडघ्यांवरून हात फिरवला. “आक्का, हे काय करून घेतलंय?”

“पिंपळी,” बना म्हणाली.

“अवो आक्का, कालच तर दिली दोनदा,” तानूबाई म्हणाली.

“पिंपळी म्हंजी गाव गं, बाई!” शकुबाई कपाळावर हात मारून ओरडली. “घरला जायाचं म्हणत्यात!” मग बनाकडं वळून म्हणाली, “चला उठा. लोळून झालं तेवढं बास. घरात गिळायचं तर हात बी हलवाय लागतील, आधीच सांगते.”

“किती कठोर हो जाऊबाई तुमी,” तानूबाई रडायलाच लागली. बाजेवर बना हसत होती. अंग सगळं थरथरत होतं, मान मागं गेली होती, आणि तिला हसू आवरत नव्हतं.

पिंपळीत शकुबाईनं रोज कढत पाण्यानं तिचे गुडघे शेकले, करंजाचं तेल लावून पाय ओढले, आणि ओढताना दोन्ही घरच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. बना किंचाळायची, शकुबाई तिच्याहून मोठ्यानं ओरडायची, शेजारच्यांना वाटायचं नणंद-भावजयीचं फाटलं. दिवाळीला बना खुंटा धरून उभी राहिली. संक्रांतीला डबा कोपरात अडकवून धोंडाबाईच्या दारात.

“अजून हायेस व्हय?”

“हाय.”

“दे. अन् त्या शकीला सांग, दही कसं लावत्यात ते.”

ठरल्याप्रमाणं पिंपळीचे सहा महिने भरले तेव्हा कुंडलिक आपल्या पाळीला आला. शकुबाई दारात आडवी उभी राहिली. “पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला सांगा, ही पाळी बंद झाली. तुमाला आक्काला भेटायचं तर हितं येऊन भेटा, आन् येताना मध आणा. ती पिंपळी नको.” कुंडलिक चहा पिऊन गेला. बनाची जागा कुणी पुन्हा काढली नाही.

शकुबाईच्या थोरल्या लेकीचं लग्न पंचावन्न साली झालं. पंगत बसताना बायका कुजबुजल्या, आत्या वाढायची न्हाय बरं का, सांडलवंड होईल. शकुबाईनं ते ऐकलं आणि लाडवांची टोपली बनाच्या कोपरात अडकवली. “लाडू काय सांडत न्हाय. वाढा, आक्का.” बना वाढत निघाली. वरपक्षाचे थोरले, महिपतराव, त्यांच्या पानावर आली, लाडू धरलेली मूठ पुढं केली, आणि एवढी माणसं बघतात म्हटल्यावर मूठ सुटेना. महिपतराव हात पुढं करून बसले. मूठ सुटेना. त्यांनी लाडू धरून हळूच ओढला.

“सोडा की, आत्याबाई!”

“व्याही, लाडवासाठी झोंबताय व्हय?” पंगतीतून कुणीतरी ओरडलं आणि मांडव हसला. बनाही हसली, आणि हसताना मूठ सुटली. पुढच्या लग्नांत लोक मुद्दाम म्हणायचे, लाडू बनाआत्याच्या हातचा पायजे, नुसता मिळालेला काय कामाचा.

पण चाळिशी उलटली तसं अंग बोलायला लागलं. खुब्यात कळ. पाय अडखळायचा, दोनदा पडली. गिळताना पाण्याचा ठसका. पन्नाशीतल्या बाईला सत्तरीचं दुखणं, असं सगळे म्हणायचे, आणि बनाला तर पन्नास व्हायला अजून दोन-तीन वर्षं होती. जोतीरामनं तिला एस.टी.नं बारामतीला नेलं. शकुबाई बरोबर होतीच. डॉक्टर नवा, तरणा. त्यानं सगळं तपासलं आणि म्हणाला, “काळजी करू नका. हे वाढत नाही.”

शकुबाईनं सासूकडून ते भांडण शंभरदा ऐकलं होतं. ती खुर्ची पुढं ओढून बसली. “थांबा, दाक्तर. हे म्हंजी कोण, ते आधी सांगा. म्हंजी एकदाचं मिटंल.”

डॉक्टर गोंधळला. “हे म्हणजे... दुखणं. जन्माच्या वेळी मेंदूला इजा झाली, ती तेवढीच राहते. वाढत नाही.”

“सासूबाईंचं खरं निघालं,” शकुबाई नवऱ्याकडं बघून म्हणाली.

“पण शरीर थकतं,” डॉक्टर म्हणाला. “आपण एक पाऊल टाकतो, तेवढ्याला यांना तिप्पट कष्ट पडतात. म्हणून लवकर थकतं.”

“आन् किती दिस?” जोतीरामनं खाली बघत विचारलं.

“ते मी कसं सांगू? पहिल्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?”

“त्यांनी बी सांगितलंच न्हवतं,” बना म्हणाली. शकुबाईनं ते डॉक्टरला पुन्हा सांगितलं. डॉक्टर हसला, आणि चालायचं, काम करायचं थांबवू नका म्हणाला. ते एक वाक्य तानूबाईच्या तोंडावर ऐकवायला शकुबाईला पुन्हा कळंबला जावंसं वाटलं.

फाल्गुनातला एक बुधवार बनाचा शेवटचा निघाला. बुधवारी सकाळी ते कुणालाच ठाऊक नव्हतं. धोंडाबाईला तर मुळीच नाही, तिनं त्या वर्षी चुकून मुदतच दिली नव्हती.

शकुबाई गोठ्यातून ओरडत होती, दही लागलंय का बघा, न्हायतर म्हातारी माझ्या नावानं बोटं मोडंल. बनानं झाकण काढून बघितलं. लागलं होतं. डबा कोपरात अडकवला, जात्याचा खुंटा धरून उठली. उंबऱ्यात थोडी थांबली, मग निघाली. वाटेत तीन वेळा भिंतीला टेकली. कुत्रीही मागून आली. ती पहिल्या कुत्र्यांची नातवंडं असतील, पण सवय तीच.

धोंडाबाई उन्हात बसली होती. दात गेलेले, दिसायचं जवळजवळ बंद झालेलं, आता दह्यावरच जगणारी.

“उशीर केलास गं आज.”

“पाय.”

“पायाला काय झालं? दुखणं वाढलं व्हय?”

“न्हाय. दुखणं वाढत न्हाय.” बना भिंतीला टेकून खाली बसली आणि शब्द गळ्यातून सोडवून घेत म्हणाली, “मी वाढले.”

या वेळी धोंडाबाईला समजलं. तिनं थोडा वेळ बनाकडं तोंड करून बघितल्यासारखं केलं. मग वाडगा पुढं सरकवला.

“मंग वाढ की. भूक लागलीया.”

बनानं वाढलं. कवडी वाडग्यात पडली, थोडं काठावर लागलं, ते म्हातारीनं बोटानं पुसून खाल्लं.

“आंबट हाय,” धोंडाबाई म्हणाली. “उद्या जरा गोड आण.”

“आणते,” म्हणून बनानं झाकण लावलं, डबा कोपरात अडकवला आणि भिंत धरून उठली.